हजार मीटर खालचं कुंपण

पाण्यावर मारलेली रेघ टिकत नाही, असं आपण सहज बोलून जातो. पण स्कॉटलंडच्या वायव्य टोकापासून साधारण १८५ किलोमीटर आत, भर अटलांटिकमध्ये, २००३ सालापासून अशी एक रेघ टिकून आहे. तिथे ना खांब, ना काटेरी तार, ना वॉचमन. नकाशावर काही बिंदू अक्षांश-रेखांशांनी जोडले आहेत आणि त्या चौकटीच्या आत समुद्रतळावरून मासेमारीचं जाळं ओढायला मनाई आहे, एवढंच. चौकटीचं क्षेत्रफळ सुमारे १३८० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती वस्तू पाण्याखाली जवळजवळ एक किलोमीटरवर, मिट्ट काळोखात आहे. तिचं नाव डार्विन माउंड्स. आपल्या भाषेत डार्विन टेकाडं म्हणू.

मित्रहो, प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लक्षद्वीप-अंदमानचं निळंशार पाणी येतं. शाळेच्या भूगोलातही तेच शिकलो होतो : उबदार पाणी, भरपूर सूर्यप्रकाश, कमी खोली. परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं. पण प्रवाळांच्या काही जाती अशाही आहेत की त्यांना सूर्य लागतच नाही. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते प्रकाशावर अन्न तयार करून घरमालकाला भाडं म्हणून देतं. थंड पाण्यातल्या प्रवाळाकडे हा भाडेकरू नाही. प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक जीव तो स्वतःच्या शुंडकांनी पकडतो आणि त्यावर जगतो. पाण्याचं तापमान ४ ते १२ अंश सेल्सिअस असलं की त्याला चालतं. उत्तर अटलांटिकमधली अशी प्रमुख जात म्हणजे लोफेलिया पर्टुसा. (अलीकडे शास्त्रज्ञांनी तिचं नाव बदलून डेस्मोफायलम पर्टुसम केलं आहे. सिलॅबस बदलला तरी जुन्याच नोट्स फिरत राहतात, तसं जुनं नाव अजून सर्रास चालतं. मीही तेच वापरतो.)

ही लोफेलिया वाढते वर्षाला साधारण ५ ते २५ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ सुला नावाची तिची एक रांग आहे, तिचं वय सुमारे साडेआठ हजार वर्षं धरतात. म्हणजे पिरॅमिड बांधायला घेतले तेव्हा ती रांग चार हजार वर्षांची जुनी होती.

आता डार्विन टेकाडांकडे वळू. १९९८ च्या मे महिन्यात ती सापडली, आणि गंमत म्हणजे प्रवाळ शोधायला कोणी गेलंच नव्हतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला खोल पाण्यात तेलासाठी खोदकाम करायचं होतं. त्याआधी तळाची पाहणी हवी म्हणून तेल कंपन्या आणि ब्रिटनची सरकारी खाती यांनी मिळून सर्व्हे करवला. त्यात साइड-स्कॅन सोनार वापरला होता. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींसाठी याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. बाकीच्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी रागावणार नाही.

हजार मीटर पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत, प्रकाश तर नाहीच. पोहोचतो तो फक्त आवाज. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, म्हणजे जहाजावरून हाक मारली तर तळाचा प्रतिध्वनी यायला एक सेकंद आणि वर एक तृतीयांश. वारंवारता जितकी जास्त तितकं चित्र बारीक दिसतं, पण तितकाच आवाज पाण्यात लवकर विरतो. म्हणजे बारीक पाहायचं असेल तर जवळ जावं लागतं. यावर तोडगा असा, की सोनार जहाजाला न बसवता एका लांब केबलने खाली सोडायचा आणि तळापासून काहीशे मीटर उंचीवरून ओढत न्यायचा. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या समुद्रविज्ञान केंद्राकडे टोबी नावाचं असं यंत्र होतं. त्याची वारंवारता ३० किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ५ सेंटिमीटर (करून बघा), आणि एका फेरीत दोन्ही बाजूंचा मिळून ६ किलोमीटर रुंदीचा पट्टा दिसायचा.

साइड-स्कॅनमध्ये आवाज तिरपा जातो. त्यामुळे खडबडीत, कठीण जागा चकाकते आणि उंचवट्याच्या मागे सावली पडते, संध्याकाळच्या उन्हात ग्राउंडवरचे खड्डे कसे उठून दिसतात तसंच. टोबीच्या कागदावर असे शेकडो ठिपके उमटले आणि त्यांतल्या बऱ्याच ठिपक्यांना धूमकेतूसारखी शेपटी होती. मग कॅमेरे खाली सोडले. ठिपके म्हणजे वाळूची टेकाडं निघाली, जास्तीत जास्त ५ मीटर उंच आणि ७५ मीटर रुंद. माथ्यावर लोफेलियाच्या फांद्या. शेपट्यांमध्ये झेनोफायोफोर नावाचे जीव, ज्यांतला प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी असते आणि ती पेशी २० सेंटिमीटरपर्यंत मोठी होते. मेसच्या पोळीपेक्षा फार लहान नाही! बायोलॉजी बारावीनंतर सोडली याचं मला क्वचितच वाईट वाटतं, पण हे वाचताना वाटलं. लोफेलियाला सहसा बसायला कठीण खडक लागतो. इथे ती वाळूवर वाढलेली दिसली, ही आणखी एक नवलाई. ज्या संशोधन जहाजाचं नाव टेकाडांना मिळालं, ते चार्ल्स डार्विन.

दोन वर्षांनी, म्हणजे २००० साली, शास्त्रज्ञ आणखी बारीक नजरेचा सोनार घेऊन परत गेले. या वेळी चित्रात टेकाडांबरोबर लांबच लांब समांतर रेघाही दिसल्या, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारख्या. कॅमेऱ्यात प्रवाळाचा चुरा दिसला. रेघा ट्रॉलच्या होत्या.

रत्नागिरी-मालवणकडच्या मुलांना ट्रॉलर काय ते सांगायला नको, पण विदर्भ-मराठवाड्याच्या दोस्तांसाठी सांगतो. ट्रॉल म्हणजे जहाजामागे ओढली जाणारी जाळ्याची मोठी पिशवी. पिशवीचं तोंड उघडं कसं राहतं? वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला वजन, हे झालं उभं. आडवं उघडं ठेवायला दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी फळी असते, तिला ऑटर बोर्ड म्हणतात. पतंग वाऱ्याला जसा तिरपा धरतो तशी ही फळी पाण्याला तिरपी धरलेली असते, त्यामुळे पाण्याच्या दाबाने दोन फळ्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात. फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलला लिफ्ट आणि ड्रॅगचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या या फळ्या टनावारी वजनाच्या असतात आणि त्या तळावर घासतच जातात. जाळ्याच्या खालच्या दोरीत रबराच्या जाड चकत्या ओवलेल्या असतात. खडक आला की चकत्या त्यावरून उड्या मारत पुढे जातात, म्हणून त्या गिअरचं नाव रॉकहॉपर. पूर्वी खडकाळ जागेत जाळं फाटण्याच्या भीतीने कोणी जात नसे. ही भीतीच त्या जागेचं संरक्षण होती. रॉकहॉपरने ती भीती घालवली.

आता जर्नलमध्ये करतो तसं एक ढोबळ गणित. जहाजाचा वेग ३ नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. एक फेरी चार तासांची धरली तर अंतर २२ किलोमीटर. दोन फळ्यांमध्ये १०० मीटर अंतर आहे असं समजा. एका फेरीत घासली गेलेली जागा २.२ चौरस किलोमीटर. डार्विन टेकाडांचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटर. रेघा एकमेकींवर चढल्या नाहीत असं मानलं तर ४५ फेऱ्या पुरतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर एका जहाजाला बारा दिवस लागतील. प्रत्यक्षात असं कोणी ओळीने दळत जात नाही, पण दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून बघा : एकीकडे वर्षाला ५ ते २५ मिलिमीटर, दुसरीकडे बारा दिवस.

आणि एवढं करून जाळ्यात येतं काय? ग्रेनेडिअर, काळा स्कॅबर्ड, ब्लू लिंग, ऑरेंज रफी असे खोल पाण्यातले मासे. ऑरेंज रफीचं जुनं इंग्रजी नाव ‘स्लाइमहेड’, म्हणजे चिकटडोक्या. त्या नावाने ताटात कोण घेणार? बाजारात चाललं ते नवं नाव. हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो आणि वयात यायला त्याला वीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे तळावरचं घर जसं हळू वाढतं तसेच घरात राहणारेही. आपल्याकडे पावसाळ्यात जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. कोकणातल्या मुलांच्या घरी हा काळ बोटी किनाऱ्यावर ओढून डागडुजी करण्याचा. ती बंदी काळाची आहे. बांगडा, कोळंबी यांना वीण घालायला दोन महिने मिळाले तर फरक पडतो, कारण त्यांचं चक्रच महिन्यांचं, फार तर वर्षा-दोन वर्षांचं. प्रवाळाला दोन महिन्यांची सुट्टी देऊन काय उपयोग? त्याला जागेचीच बंदी लागते, आणि तीही कायमची.

तर प्रश्न असा, की १९९८ ला टेकाडं सापडली, २००० ला रेघा दिसल्या, मग बंदी २००३ पर्यंत का थांबली?

उत्तर शोधायला समुद्र सोडून कोर्टात जावं लागतं. युरोपीय संघाचा १९९२ चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक सदस्य देशाने प्रवाळरांगांसारख्या अधिवासांचं रक्षण करायचं असतं. ब्रिटन सरकारचं म्हणणं होतं की हा कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच लागू आहे. ग्रीनपीस या संस्थेने तेलाच्या परवान्यांवरून दावा लावला आणि १९९९ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की कायदा समुद्रबूड जमिनीवर आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यालाही लागू होतो. निकाल प्रवाळाच्या बाजूने लागला खरा, पण पुढची मेख अशी, की ब्रिटनला स्वतःहून मासेमारी बंद करताच येत नव्हती. मासेमारीचं धोरण सगळ्या युरोपचं एकत्र. त्या पाण्यात फ्रान्सची जहाजं येणार, स्पेनची येणार, आणि त्यांना थांबवायचं तर ब्रसेल्सची सही हवी. २००२ च्या अखेरीस हे सामाईक धोरण सुधारलं आणि त्यात निसर्गाला गंभीर धोका असेल तर तातडीची बंदी घालण्याचा अधिकार स्पष्टपणे आला. ब्रिटनने अर्ज केला आणि २३ ऑगस्ट २००३ पासून सहा महिन्यांची बंदी लागू झाली. मार्च २००४ मध्ये ती कायमची केली गेली. खोल समुद्रातल्या प्रवाळासाठी हा तातडीचा अधिकार वापरण्याची ही पहिलीच वेळ.

शोध लागल्यापासून बंदीपर्यंत पाच वर्षं. सरकारी कामाच्या मानाने हे वेगवान म्हणायला हवं, आणि मी उपरोधाने म्हणत नाहीये. आपल्याच महाराष्ट्राजवळ विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. नाव अर्थातच कान्होजी आंग्रे यांच्यावरून. ते उथळ आहे, तिथले प्रवाळ उजेडात वाढणारे आहेत, त्यामुळे आपल्या विषयात ते बसत नाही. पण अडचण त्याच जातीची : राज्याची मासेमारीची हद्द १२ सागरी मैलांवर संपते आणि पठार त्याच्या बरंच पलीकडे.

आता पुन्हा त्या चौकटीकडे. टेकाडांचा पसारा १०० चौरस किलोमीटर आणि बंदीची चौकट १३८० चौरस किलोमीटर. एवढी मोठी कशाला, असं मच्छीमारांनी विचारलं तर चूक नाही. यामागे साधी भूमिती आहे. हजार मीटर खोलीवर जाळं टेकवायचं तर जहाजापासून जाळ्यापर्यंतची तार खोलीच्या सुमारे दुप्पट सोडावी लागते असं धरू, म्हणजे २००० मीटर. तार सरळ आहे असं मानून पायथागोरस लावा : कर्ण २०००, उभी बाजू १०००, आडवी बाजू १७३२ मीटर. म्हणजे जहाज जिथे दिसतं त्याच्या पावणेदोन किलोमीटर मागे जाळं असतं! जहाज चौकटीबाहेर पडलं तरी जाळं आत असू शकतं. वळण घेताना तर जाळं कुठल्या बाजूला फिरेल हे प्रवाहावरही अवलंबून. उपग्रहाला मात्र जहाजच दिसतं, जाळं दिसत नाही. म्हणून रेघ बाहेर सरकवावी लागते.

पहारा उपग्रहावरूनच होतो. जहाजावर एक सीलबंद डबा बसवतात. तो जीपीएसवरून आपली जागा काढतो आणि उपग्रहामार्फत देशाच्या नियंत्रण केंद्राला कळवतो. युरोपमध्ये २००० सालापासून २४ मीटरपेक्षा लांब जहाजांना हा डबा सक्तीचा झाला, पुढे लहान जहाजांनाही. नेहमीची पद्धत दर दोन तासांनी एक संदेश. ३ नॉट वेगाने दोन तासांत जहाज ११ किलोमीटर जातं, म्हणजे दोन ठिपक्यांच्या मधल्या अकरा किलोमीटरांत काय झालं ते कळत नाही. १०० चौरस किलोमीटरची चिंचोळी चौकट ठेवली असती तर कोपरा कापून कोणीही निघून गेलं असतं आणि पत्ताही लागला नसता. सॅम्पलिंग थिअरम शिकलेल्यांना वेगळं समजावायला नको. जहाज नुसतं ओलांडून जात आहे की जाळं ओढत आहे हे वेगावरून ओळखतात. ओढताना वेग दोन ते पाच नॉटच्या आत असतो, प्रवासात त्याहून बराच जास्त. अगदी पक्का पुरावा नव्हे, पण चौकशीला पुरेसा.

डबा नसताना काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. फ्लोरिडाच्या पूर्वेला ऑक्युलिना नावाच्या प्रवाळाच्या रांगा ७० ते १०० मीटर खोलीवर आहेत. त्यांतल्या सुमारे ३१५ चौरस किलोमीटरवर १९८४ मध्येच ट्रॉलबंदी झाली. अशा प्रवाळासाठी जगातल्या अगदी पहिल्या बंदींपैकी ही एक. कागद उत्तम होता. पण पहारा नव्हता, कोळंबीवाल्यांची जाळी पुढेही पडत राहिली आणि २००० नंतरच्या पाहण्यांत बहुतेक ठिकाणी प्रवाळाऐवजी चुऱ्याचे ढीग दिसले. त्या कोळंबीच्या बोटींना डबा सक्तीचा झाला २००३ मध्ये. मधली वीस वर्षं ती रेघ खरोखरच पाण्यावरची रेघ होती.

डार्विन चौकटीत असं झालं नाही. डब्यांच्या नोंदी सांगतात की बंदी बहुतांशी पाळली गेली. मग २०११ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑटोसब ६००० नावाची, केबलशिवाय स्वतः फिरणारी रोबो-पाणबुडी घेऊन तिथे गेले. बंदीला आठ वर्षं झाली होती. टेकाडांचे मुख्य गट दोन, पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा. पश्चिम गटात बंदीपूर्वी ट्रॉल फारसे फिरले नव्हते. तिथे जिवंत प्रवाळ २०११ मध्येही शाबूत होतं. पूर्व गट बंदीपूर्वी भरपूर घासला गेला होता. तिथे आठ वर्षांनंतर नवं प्रवाळ बसल्याची काही खूण दिसली नाही.

मला या सगळ्या विषयात हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेत कंट्रोल आणि टेस्ट असे दोन नमुने ठेवतात, तसे इथे नकळत ठेवले गेले. कुंपण एकच, तारीख एकच, पहारा एकच. फरक फक्त कुंपण घालण्याच्या आधी काय झालं होतं एवढाच. जे धड होतं ते धड राहिलं आणि जे मोडलं होतं ते मोडलेलंच राहिलं. जंगलतोडीनंतर कुरणबंदी केली की दोन-तीन पावसाळ्यांत झुडपं उठतात, हे आपण सह्याद्रीत पाहतो. त्या अनुभवावरून इथे हिशेब करून चालणार नाही. इथे बंदी हे औषध नाही, लस आहे, आणि लस आजार झाल्यावर टोचून उपयोग नसतो.

मग सरळ पुढचा प्रश्न येतो. आधी शोधा, मग नुकसान मोजा, मग बंदी घाला, हा क्रमच चुकीचा नाही का? खोल समुद्राचा अगदी थोडा भाग बारीक सोनारने पाहिलेला आहे. ज्या टेकाडांची कोणाला माहितीच नाही, त्यांच्याभोवती चौकट कोण आखणार?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००६ मध्ये एक ठराव केला. त्यात खुल्या समुद्रात तळावर मासेमारी करणाऱ्या देशांना सांगितलं, की नाजूक परिसंस्था कुठे आहेत ते ठरवा आणि तिथे त्यांचं लक्षणीय नुकसान टाळण्याची व्यवस्था करा, नाहीतर ती जागा बंद ठेवा. मुदत २००८ अखेर. त्यातून दोन युक्त्या पुढे आल्या. एक म्हणजे ‘पुढे सरका’ नियम. ईशान्य अटलांटिकच्या खुल्या समुद्रात एका फेरीत ३० किलोपेक्षा जास्त जिवंत प्रवाळ किंवा ४०० किलोपेक्षा जास्त स्पंज जाळ्यात आला तर जहाजाने मासेमारी थांबवून किमान २ सागरी मैल दूर जायचं आणि वरती कळवायचं. ऐकायला बरं वाटतं. पण प्रवाळ मोडतं तेव्हा त्याचा चुरा बहुतेक जाळ्याच्या डोळ्यांतून खालीच पडतो. तीस किलो वर आलं याचा अर्थ खाली त्याच्या कितीतरी पट मोडलं. शिवाय मोजणार कोण, तर जहाजच. धडक दिल्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगणारा हा नियम आहे. एकटा असताना मला तो कुचकामी वाटतो.

दुसरी युक्ती जास्त पटते. आतापर्यंत जिथे मासेमारी होत आली आहे तेवढाच भाग नकाशावर गोठवायचा. त्याच्या बाहेर जायचं असेल तर आधी तपासणी करा, तळावर काय आहे ते दाखवा, मग परवानगी मागा. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी उलटी झाली. आधी शास्त्रज्ञाने सिद्ध करायचं होतं की इथे प्रवाळ आहे, आता जहाजाने सिद्ध करायचं की इथे नाही. युरोपीय संघाने २०१६ च्या कायद्यात हेच केलं, २००९ ते २०११ या वर्षांतला वावर पाया धरून, आणि वर ८०० मीटरपेक्षा खोल ट्रॉलिंगला सरळ बंदी घातली. खोलीची मर्यादा हाही साधा, न भांडता तपासता येणारा नियम. जहाज कुठे आहे हे कळलं की तिथली खोली नकाशावरून कळते.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये आणखी पुढचं पाऊल पडलं. आयर्लंड, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालच्या पाण्यात ८७ जागा, मिळून १६,४१९ चौरस किलोमीटर, ४०० मीटरपेक्षा खोल तळावरच्या सर्व गिअरसाठी बंद झाल्या. ‘सर्व’ या शब्दावर भांडण पेटलं. ट्रॉलबरोबर लांब दोरीला गळ लावून तळावर सोडणारे लहान बोटवालेही त्यात आले. स्पेन सरकार आणि तिथल्या मच्छीमार संघटना लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेल्या. गळाची दोरी आणि टनभर वजनाची लोखंडी फळी एकाच तराजूत कशी, हा त्यांचा मुद्दा. २०२५ मध्ये तिथल्या जनरल कोर्टाने त्यांचे दावे फेटाळले. कायद्याने ते बरोबर असेल. दोरीही प्रवाळात अडकते आणि फांद्या मोडते, हे खरं आहे. पण गॅलिशियातल्या गळवाल्याचा राग मला समजतो.

कारण नॉर्वेत या कथेची सुरुवातच अशा मच्छीमारांनी केली होती. गळ आणि उभी जाळी लावणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं की प्रवाळाच्या रांगेजवळ मासा चांगला मिळतो. ट्रॉलर त्यावरून गेल्यावर तिथली मिळकत घसरते, अशी त्यांनी तक्रार केली. शास्त्रज्ञ मग बघायला गेले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे नॉर्वेच्या पाण्यातल्या ३० ते ५० टक्के प्रवाळरांगांना ट्रॉलचा फटका बसला होता. १९९९ मध्ये सुला रांग ट्रॉलिंगसाठी बंद झाली. २००२ मध्ये त्याहून उत्तरेला रॉस्ट नावाची सुमारे ३५ किलोमीटर लांबीची रांग सापडली आणि पुढच्याच वर्षी तीही बंद. शोध आणि बंदी यांत एका वर्षाचंही अंतर पडू दिलं नाही! तिथे बंदी ट्रॉलला आहे, गळाला नाही. आपल्याकडे पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलर-पर्ससीनवाले यांच्यातली भांडणं कोकणातल्या मुलांनी जवळून पाहिली आहेत. खोल समुद्राचा प्रश्न मच्छीमार विरुद्ध पर्यावरणवाले असा मांडला जातो, तेव्हा हे नॉर्वेचं उदाहरण सोयीस्करपणे बाजूला राहतं.

बंद केलेल्या जागेतून हटवलेली जहाजं घरी बसत नाहीत, दुसरीकडे जातात, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून सुट्या चौकटींपेक्षा गोठवलेली हद्द आणि खोलीची मर्यादा यांच्यावर माझा जास्त भरवसा. चौकट चुकवून नव्या जागी जाता येतं, ८०० मीटरची रेषा मात्र सगळीकडेच असते.

राहता राहिला डार्विन टेकाडांचा पूर्व गट. तिथे जवळजवळ काही उरलेलं नाही, मग तेवढा भाग मच्छीमारांना परत का देऊ नये? बंदी अजून दोन्ही गटांवर आहे. टेकाडं जागेवर आहेत, प्रवाह तोच आहे, आणि पश्चिम गटात जिवंत प्रवाळ आहे. प्रवाळाच्या अळ्या पाण्याबरोबर तरंगत जातात. त्यांतली एखादी कधीतरी पूर्वेकडच्या एखाद्या तुटक्या फांदीवर बसेलही. त्यानंतर वर्षाला ५ ते २५ मिलिमीटर. अर्धा मीटर उंचीचं एक झुडूप व्हायला कमीत कमी २० वर्षं, आणि वाढ मंद असेल तर १००.